छापलेलें तें खरें असतें काय?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें हें भाषण, सभेस येऊं न शकलेल्या आमच्या वाचकांसाठीं येथें देत आहों.)



आज मीं बोलावें असें ठरलें, तेव्हां मी शेतमालाच्या भावावर किंवा मुलांच्या शिक्षणावर बोलेन, असें चालकांना वाटलें असावें. मीं विषय कळविला तो असा: वर्तमानपत्रांतील मुद्रितशोधन व बातमीचा खरेपणा. तो ऐकून एक पाटील हंसले आणि म्हणाले, "अहो, आमच्या उसाला पाणी नाहीं, आणि तुम्ही आम्हांला काना-मात्रा शिकवायला आलांत होय?" पाटलांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आधीं त्याचेंच उत्तर देतों.

लिहिलेल्या अक्षरानें आपल्या लोकांचा जेवढा घात केला आहे, तेवढा दुष्काळानेंही क्वचितच केला असेल. आपले आजे-पणजे अंगठा उठवीत होते. खतांत रक्कम पन्नास आहे कीं पांचशें, हें लिहिणाऱ्याला ठाऊक आणि लिहवून घेणाऱ्याला ठाऊक. ज्याच्या जमिनीवर तें खत बसलें, त्याला मात्र तें वाचतां येत नव्हतें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, तेव्हां त्यांनीं मुख्यतः मागितलें काय? कर्जाचीं खतें. तीं हातीं येतांच त्यांची होळी केली. ज्यांना जग अडाणी म्हणत होतें, त्या माणसांना एक गोष्ट पक्की समजली होती कीं, आपला वैरी कागदावर बसला आहे. गांवचें दप्तर कुळकर्ण्याच्या हातीं होतें आणि त्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्यानें बांध सरकत असे. शाहू महाराजांनीं १९१८ सालीं कोल्हापूर संस्थानांत कुळकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. रयतेवरची ही लेखणीची सत्ता मोडणें जरूर आहे, हें त्या राजानें ओळखलें होतें.

दुसरीकडे पोथी होती. "पोथींत लिहिलें आहे" एवढें म्हटलें कीं आपली मान खालीं. पोथी कोणीं लिहिली, केव्हां लिहिली, त्यांत कोणाचा लाभ, हें विचारण्याची सोय नव्हती. जोतीरावांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज काढला, तो हें विचारण्यासाठीं. समाजाचें नांव त्यांनीं सत्यवादी ठेविलें नाहीं, सत्यज्ञानी ठेविलें नाहीं, सत्यशोधक ठेविलें. सत्य आयतें मिळत नाहीं, तें शोधावें लागतें, हा त्या नांवाचा अर्थ. आणि बंधूंनो, छापखान्यांत जो माणूस खिळ्यांच्या ओळी तपासतो, त्याला आपल्या मराठींत काय म्हणतात? मुद्रितशोधक. दोघेही शोधकच. म्हणून मला वाटतें कीं, हा विषय आपल्या सभेचाच आहे.

आपल्या लोकांनीं वर्तमानपत्रें काढलीं तीं हौसेखातर नव्हेत. कृष्णराव भालेकरांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं पुण्यांत 'दीनबंधु' सुरू केला. पुढें १८८० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तो मुंबईस नेला आणि गिरणी कामगारांचीं गाऱ्हाणीं त्यांत मांडलीं. भालेकरांचेच चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनीं १९१० पासून 'दीनमित्र' चालविला आणि तो पुढें नगर जिल्ह्यांत नेवासें तालुक्यांतल्या तरवडी या खेड्यांतून, १९६७ सालीं देह ठेवीपर्यंत निघत राहिला. शहर नाहीं, भांडवल नाहीं, आणि खेड्यांतून साप्ताहिक! ज्या बातम्या इतरांनीं छापल्या नाहींत, किंवा उलट्या करून छापल्या, त्या सुलट करून सांगण्यासाठीं हे कष्ट होते. आपलीं पत्रें जन्मलींच मुळीं खरें सांगण्याकरितां. मग खरेपणाची ही काळजी आपण भटजींवर आणि शेटजींवर सोंपवून मोकळें कसें व्हावें?

आतां मला ही माहिती कशी, तें सांगतों. माझे वडील सुतार. लाकडाला करवत लावण्यापूर्वीं ते दोन वेळां माप घेत आणि चौकट झाली कीं गुण्या लावून पाहत. मी थोडा शिकलों आणि तालुक्याच्या गांवीं एका छापखान्यांत जुळारी म्हणून लागलों. तो काळ हाताच्या खिळ्यांचा. समोर लांकडी घरें असत, त्यांत शेंकडों खिळे: अक्षरें, अर्धीं अक्षरें, जोडाक्षरें, काने, मात्रा, वेलांट्या. एकेक खिळा उचलून ओळ भरायची. खिळ्यावरचें अक्षर उलटें असतें, आणि आम्ही उलटें वाचूनच सुलटें छापीत असूं. एक गॅली भरली कीं शाईचा हात फिरवून तिचा कच्चा कागद काढावयाचा. तो कागद घेऊन म्हातारे मास्तर बसत. शेजारीं एक पोरगा मूळ हस्तलिखित मोठ्यानें वाची, आणि मास्तर छापील ओळीवर बोट ठेवून ऐकत. चूक दिसली कीं समासांत खूण. आम्ही खिळा बदलून दुसरा कागद काढायचा, मास्तरांनीं पुन्हां पाहायचा. पान बांधल्यावर तिसऱ्यांदा. मास्तरांची सही झाल्याशिवाय यंत्र फिरत नसे. मालक आला तरी नाहीं.

मास्तर नुसत्या काना-मात्रा पाहत नसत. "अरे, या गांवाला अमावास्येला बाजार कसा असेल? वार तपास." "पांच जण जखमी म्हणतोस, आणि नांवें चारच दिलींस?" असें ते विचारीत. सुताराचा गुण्या तोच हा, हें मला तेथें कळलें.

मग मालकांनीं हिशेब केला. मास्तरांचा पगार, पोराचा पगार, आणि त्यांच्यामुळें होणारा उशीर. एके दिवशीं मास्तरांना घरीं बसविलें आणि आम्हां जुळाऱ्यांना सांगितलें, "तुम्ही शहाणे आहांत. तुमचें तुम्हीच पाहा." स्वतःची चूक स्वतःला दिसत नाहीं, ही गोष्ट जगांतल्या प्रत्येक सुताराला, साळ्याला आणि शिंप्याला ठाऊक आहे. डोळा जें लिहावयाचें होतें तेंच वाचतो. जें लिहिलें गेलें तें वाचत नाहीं.

तीन महिन्यांत व्हायचें तें झालें. कर्जाच्या वसुलीसाठीं जमिनीच्या लिलांवाची एक जाहीर नोटीस आली. गट नंबर ११२. मीं जुळविला १२१. दोन खिळ्यांची अदलाबदल. कर्जदार आणि १२१ ची मालकीण एकाच भावकींतले, आडनांव एकच. ती विधवा बाई. तिच्या डोक्यावर कोणाचें पैचें कर्ज नव्हतें. पण गांवांत पेपर आला आणि "हिच्या रानाचा लिलांव निघाला" असा बोभाटा झाला. दुकानदारानें उधारी बंद केली. पेरणी तोंडावर, खत मिळेना. मुलीची सोयरीक ठरली होती, तीं माणसें "पुढल्या सालीं बघूं" म्हणून निघून गेलीं. ती बाई तो पेपर पदराखालीं धरून छापखान्यांत आली. तिला वाचतां येत नव्हतें. तिनें नोटिशीवर बोट ठेवलें आणि मलाच विचारलें, "दादा, हे कुणी लिव्हलं रं?"

बंधूंनो, तीं अक्षरें माझ्या हातचीं होतीं. मीं तिला खरें सांगितलें. तिनें मला शिवी दिली असती तर बरें झालें असतें. ती एवढेंच म्हणाली, "मग आता पुसून दे." छापलेलें पुसतां येत नाहीं, हें मीं तिला कसें समजावून सांगावें? दोन आठवड्यांनीं दुरुस्ती छापली गेली, ती शेवटच्या पानावर, दोन जाहिरातींच्या फटींत, मुंगीएवढ्या अक्षरांत. नोटीस चौकटींत होती. खुलाशाला चौकट मिळाली नाहीं. तिची सोयरीक कांहीं परत आली नाहीं. आज चाळीस वर्षें होत आलीं, तरी गट नंबर दिसला कीं मी तो दोनदां वाचतों. पाटील, उसाला पाणी नसतां मी काना-मात्रेचें कां बोलतों, त्याचें उत्तर हें आहे.

आतां कोणी म्हणेल, हीं जुनीं रडगाणीं; पूर्वीं सारें सोन्याचें होतें असें म्हाताऱ्यांना वाटतच असतें. मी तसें म्हणत नाहीं. पूर्वींही चुका होत. १६३१ सालीं लंडनमध्यें राजाच्या मुद्रकांनीं बायबल छापलें, त्यांत दहा आज्ञांपैकीं "व्यभिचार करूं नको" या आज्ञेंतला नकारच गळाला, आणि देवानें व्यभिचाराची आज्ञा केली असें झालें! मुद्रकांना तीनशें पौंड दंड बसला. १९४८ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत शिकागोच्या 'ट्रिब्यून' पत्रानें अध्यक्षाच्या निवडणुकींत ड्यूई यांनीं ट्रूमन यांना हरविल्याचा मथळा पहिल्या पानावर छापला. निवडून आले ट्रूमन. जुळाऱ्यांचा संप चालू होता, म्हणून अंक नेहमीपेक्षां लवकर छपाईला धाडावा लागत होता, आणि निकालाची वाट न पाहतां त्यांनीं अंदाजानेंच मथळा ठोकला. ट्रूमन यांनीं तोच अंक हातांत उंच धरून हंसत छायाचित्र काढून घेतलें. राजा असो कीं अध्यक्ष, त्याच्यावरची चूक जगाला दिसते आणि तिचा विनोद होतो. ११२ च्या जागीं १२१ झाले, त्याचा विनोद होत नाहीं.

तेव्हां चुका पूर्वींही होत्या, आतांही आहेत. फरक असा कीं, पूर्वीं चूक धरण्यासाठीं छापखान्यांत एक माणूस बसविलेला असे, आणि आतां तो माणूसच काढून टाकला आहे. खिळे गेले, संगणक आला. त्याला माझा विरोध नाहीं. शिशाच्या धुळींत आमच्या पिढीनें काय भोगलें तें आम्हांला ठाऊक आहे. परंतु यंत्र आलें तेव्हां मालकांनीं जुळाऱ्याबरोबर शोधकालाही रजा दिली. बातमीदारच लिहितो, तोच तपासतो, तोच पान लावतो. यंत्र शब्द तपासतें म्हणतात. यंत्राला "शब्द" चुकला तर कदाचित् कळेल. पण "मारलें" च्या जागीं "तारलें" पडलें, किंवा ११२ चे १२१ झाले, तर यंत्र काय ओरडणार? दोन्ही बरोबरच दिसतात.

हें एकट्या आपल्याकडेंच घडलें असें नाहीं. न्यूयॉर्कचें 'टाइम्स' हें जगांतल्या धनवान पत्रांपैकीं एक. त्यांच्याकडे मजकूर तपासणाऱ्या शंभरावर माणसांचा वेगळा विभाग होता. २०१७ सालीं तो विभाग मोडला. त्या वर्षींच्या जून महिन्यांत तेथील नोकर फलक घेऊन कचेरीबाहेर आले. एका फलकावरचा एक शब्द मुद्दाम चुकीचा लिहिला होता, आणि हा फलक तपासलेला नाहीं, असा त्याचा मजकूर होता. ज्यांना पैशाची वाण नाहीं त्यांची ही तऱ्हा, मग तालुक्याच्या पत्रांत कोण कोणाला विचारतो?

येथें आपल्या घरची एक गांठ सोडविली पाहिजे. "शुद्ध-अशुद्ध" हा शब्द निघाला कीं आपल्या लोकांचे कान टवकारतात, आणि तें बरोबर आहे. जोतीरावांनीं मांडलेल्या प्रश्नांचीं उत्तरें न देतां त्यांच्या व्याकरणाची टवाळी करण्याचा धंदा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाले'त केला. माणूस उपाशी आहे असें तो सांगतो आहे, आणि हे म्हणतात त्याची वेलांटी चुकली! शुद्धलेखनाची अशी सोंवळीं नेसून कित्येकांनीं आपल्या पोरांना वर्गांत हंसून गप्प बसविलें आहे. त्या सोंवळ्याची वकिली करावयाला मी येथें उभा नाहीं. आमच्या बाईनें "लिव्हलं" म्हटलें. त्यांत कांहींही अशुद्ध नव्हतें. अशुद्ध होती ती आमच्या शुद्ध मराठींत छापलेली नोटीस.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बोली ही बोली आहे; तिला कोणाची लाज नको. पण जेथें अक्षर बदलल्यानें अर्थ बदलतो, आंकडा बदलतो, माणूस बदलतो, तेथें ढिलाई करणें हें गरिबाचें नुकसान आहे. 'दीनबंधु' मधला 'दी' ऱ्हस्व केला तर गरिबांचा भाऊ जाऊन दिवसांचा भाऊ होतो! एवढ्यावरून समजावें कीं, ती वेलांटी शास्त्र्यांसाठीं नव्हे, दीनांसाठीं आहे.

आतां कांद्याकडे येतों, म्हणजे मागच्या रांगेंतले पेंगणारे जागे होतील. केंद्र सरकारनें ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती ३१ मार्च २०२४ पर्यंत. भाव पडले. फेब्रुवारीच्या मध्यास दिल्लींत मंत्र्यांची बैठक झाली आणि १८-१९ तारखांना बातम्या झळकल्या कीं बंदी उठली! लासलगांवच्या बाजारांत १७ फेब्रुवारीला सर्वसाधारण भाव क्विंटलला १,२८० रुपये होता, तो १९ ला १,८०० वर गेला. म्हणजे शेंकडा चाळीसच्या वर उडी. आणि २० तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनीं जाहीर केलें कीं, बंदी उठलेली नाहीं, ती आहे तशीच चालू आहे. पुढें मार्चमध्यें ती बंदी आणखी वाढविली आणि अखेर ४ मे २०२४ रोजीं ती उठली. तीही टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि शेंकडा चाळीस निर्यातशुल्क लावून.

या तीन दिवसांचा विचार करा. बातमी वाचून एखाद्यानें ट्रॉली भरली, भाडें ठरविलें. दुसऱ्यानें "आतां भाव वाढणार" म्हणून काढलेला कांदा चाळींत टाकला. व्यापाऱ्यानें चढ्या भावानें माल उचलला. खुलासा आल्यावर यांपैकीं कोणाचा ना कोणाचा खिसा कापला जाणारच होता. आणि चूक किती छोटी! बैठकींत बोलणें झालें, ही एक गोष्ट. हुकूम निघाला, ही दुसरी गोष्ट. निर्यातीची बंदी बैठकीनें उठत नाहीं. ती विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेनें उठते. "अधिसूचना निघाली काय? तिचा क्रमांक काय? तारीख काय?" एवढे तीन प्रश्न विचारणारा एक म्हातारा मास्तर त्या रात्रीं कचेऱ्यांत बसला असता, तर "बंदी उठली" च्या जागीं "बंदी उठविण्याचा विचार" असें छापलें गेलें असतें. एका शब्दाचा फरक, पण त्या शब्दावर क्विंटलला पांचशें वीस रुपये लटकले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, हें बाजारांतल्या रिकामटेकड्यानें केलें तर निभतें. वर्तमानपत्रानें केलें तर निभत नाहीं.

दुसरा दाखला नुकसानभरपाईचा. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या मुदतीच्या निकषांत कोरडवाहू पिकाचें तेहतीस टक्के वा अधिक नुकसान झालें तर हेक्टरीं ८,५०० रुपये मदत धरलेली होती. हेक्टर म्हणजे सुमारें अडीच एकर. म्हणजे एकरीं हिशेब सुमारें ३,४४० रुपयांचा. आतां घाईंत कोणी "हेक्टरीं" च्या जागीं "एकरीं" छापलें, तर वाचणाऱ्या शेतकऱ्याच्या मनांत हेक्टरीं एकवीस हजारांचा आंकडा बसतो. तो त्या भरंवशावर बियाणें उधार आणतो. मदत येते ती साडेआठ हजारांची. मग तो तलाठ्याशीं भांडतो, "मधले पैसे कोणीं खाल्ले?" म्हणतो. कधीं कधीं मधले पैसे खरेंच कोणी खाल्लेले असतात. तेव्हां मात्र "पेपरांत चुकीचें आलें होतें" या सबबीवर चोर सुटून जातो. चुकीची बातमी अशी दोन्हीकडून मारते: खऱ्याला खोटें पाडते आणि खोट्याला आडोसा देते. इंग्रजीवरून भाषांतर करतांना मिलियनचे लाख होतात, ही तसलीच गोष्ट. एक मिलियन म्हणजे दहा लाख. एक शून्य गळालें कीं धरणाच्या पैशाचा हिशेब दहापट चुकतो, आणि तोच हिशेब सभेंत सांगून आपला कार्यकर्ता तोंडघशीं पडतो.

आतां एक अशी गोष्ट सांगावयाची आहे कीं, ती सांगतांना जीभ जड होते. छापील पत्राला निदान धनी असतो. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराला धनीही नाहीं, शोधकही नाहीं. २०१८ सालीं मुलें पळविणारी टोळी आली आहे, असा मजकूर गांवोगांव फिरत होता. १ जुलैला रविवार होता. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतल्या राइनपाडा येथें आठवड्याचा बाजार भरला होता. तेथें आलेले पांच भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्याकडचे, लोकांनीं त्याच टोळींतले समजून धरले आणि ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून मारून टाकले. पांच जीव! ज्यांना घर नाहीं, शेत नाहीं, ज्यांच्या पूर्वजांना आपल्याच गांवगाड्यानें वेशीबाहेर फिरत ठेविलें, त्या आपल्या भावंडांना आपल्यासारख्याच गोरगरिबांच्या हातांनीं मारलें. भटजीनें मारलें नाहीं, सावकारानें मारलें नाहीं. न तपासलेल्या चार ओळींनीं मारलें. "पोथींत आहे म्हणून खरें" या गुलामगिरींतून आपण बाहेर पडलों आणि "मोबाइलवर आहे म्हणून खरें" या दुसऱ्या गुलामगिरींत जाऊन बसलों. मग सत्यशोधक हें नांव आपण कोणत्या तोंडानें घ्यावें?

आणि शिकलेले तरी कोठें शहाणे? ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं नोटाबंदी जाहीर झाली, तेव्हां दोन हजारांच्या नव्या नोटेंत ठावठिकाणा सांगणारें यंत्र बसविलें आहे, असें कांहीं वृत्तवाहिन्यांनीं सांगितलें. तसें कांहींही नव्हतें. रिझर्व्ह बँकेला विचारण्याची तसदी त्यांनीं घेतली असती तर पुरें होतें.

आतां उपाय. नुसतें रडून सभा संपविणें मला आवडत नाहीं.

पहिला उपाय पत्रकर्त्यांनीं करावयाचा. दुसऱ्या डोळ्याखालून गेल्याशिवाय ओळ छापूं नये. मोठा पगार द्यावयास नसेल तर गांवचा निवृत्त गुरुजी, शिकलेली सून, कोणीही चालेल. पण लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा पाहिजे. माणसांचीं नांवें, गट नंबर, तारखा, रकमा, वजनें-मापें, या पांच गोष्टी मूळ कागदाशीं ताडून पाहाव्या. आणि चूक झाली तर ज्या पानावर झाली त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत कबूल करावी. विलायतेच्या 'गार्डियन' पत्रानें १९९७ पासून रोजच्या दुरुस्त्यांसाठीं ठराविक जागा ठेविली आणि वाचकांचीं गाऱ्हाणीं ऐकणारा संपादक नेमला. आपल्याकडे मद्रासच्या 'हिंदू' नें २००६ सालीं तसा नेमला. चूक कबूल केल्यानें त्यांची अब्रू गेली नाहीं, वाढली.

दुसरा उपाय वाचणाऱ्यांनीं करावयाचा. बातमी वाचली कीं चार प्रश्न विचारा: हें कोणीं सांगितलें? कोठें व केव्हां सांगितलें? हुकूम निघाला आहे कीं नुसतें बोलणें आहे? ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याला विचारलें काय? उत्तर नसेल तर ती बातमी पुढें ढकलूं नका. बाजारांत रुपया देतांना आपण नोट उजेडाला धरून पाहतों. मग बातमी घेतांना डोळे कां मिटावे?

तिसरा उपाय तक्रारीचा. आपल्या लोकांना वाटतें, पेपरवाल्यापुढें आपलें काय चालणार? १८६७ च्या कायद्यांत मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव छापण्याची सक्ती होती. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अंमलांत आला आहे. अंकाच्या तळाशीं बारीक अक्षरांतल्या त्या ओळी वाचा. तेथें धनी सांपडतो. आधीं संपादकाला पत्र लिहा, त्याची नक्कल ठेवा. दाद लागली नाहीं तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे लिहितां येतें. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आंत तक्रार गेली पाहिजे. परिषद दंड करूं शकत नाहीं, ताकीद देऊं शकते, निषेध करूं शकते. आणि दूरचित्रवाणी तिच्या कक्षेंत येत नाहीं. म्हणजे हत्यार बोथट आहे. पण बोथट विळा भिंतीला टांगून ठेवण्यापेक्षां चालवावा, चालवितां चालवितां धार येते. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, काळ सोकावतो. एका विधवेची चुकीची नोटीस आपण मुकाट्यानें सोसली कीं पुढची नोटीस आपली असते.

चौथा उपाय आपल्या घरचा. प्रत्येक गांवीं चावडीवर किंवा देवळाच्या ओट्यावर आठवड्यांतून एक दिवस पत्र मोठ्यानें वाचा. एकानें वाचावें, दहांनीं ऐकावें. छापखान्यांतला तो पोरगा मोठ्यानें वाची आणि मास्तर ऐकत, तशीच ही रीत. दहा जणांत एक असा निघतोच कीं ज्याला त्या गांवची, त्या पिकाची, त्या माणसाची खरी हकीकत ठाऊक असते. तो म्हणेल, "थांबा, हें असें नाहीं." त्याचें म्हणणें लिहून संपादकाला धाडा. आणि आमच्या या पत्रांतही चूक दिसली तर आम्हांला सोडूं नका. आपला म्हणून पोटांत घालूं नका. आपल्या पत्राची चूक आपणच धरली नाहीं तर ती धरावयाला टपून बसलेले पुष्कळ आहेत, आणि ते एका चुकीवरून आपलीं शंभर खरीं गाऱ्हाणीं खोटीं ठरवितील.

बंधुभगिनींनो, आतां आपण अंगठेबहाद्दर राहिलों नाहीं. आपलीं मुलें-मुली वाचतात, लिहितात, बातमीदारही झालीं आहेत. एके काळीं दुसऱ्याची लेखणी आपल्यावर चालत होती; आज लेखणी आपल्या हातीं आली आहे. ती आपल्या हातीं येऊनही तशीच बेपर्वाईनें चालणार असेल, तर कुळकर्ण्याचें दप्तर जाऊन आपण काय मिळविलें? आपल्या मुलाच्या हातून जुळलेल्या अक्षरानें कोणा गरिबाचें रान, कोणाची सोयरीक, कोणाचा जीव जाऊं नये, एवढें आपण आज येथें ठरवून उठूं या. आणि जेव्हां कोणी आपल्यापुढें कागद धरून किंवा मोबाइल धरून विचारील, "हें कुणी लिव्हलं?", तेव्हां त्याला नांव सांगतां आलें पाहिजे, आणि तें नांव सांगतांना मान खालीं घालावी लागूं नये.